समोरचा दात आणि मृग नक्षत्र

आत्याने काढलेल्या फोटोत कोण कोण आहे हे ओळखायचं ते चपलांवरून. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून तिच्या हाती फोन देण्याची वेळ शक्यतो कुणी येऊ देत नसे. पण धाकट्या भावाच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली त्या संध्याकाळी घर पाहुण्यांनी भरलं, केक कापून झाला, सगळ्यांनी मिळून एक फोटो काढायचं ठरलं, आणि जो तो फोटोत जाऊन उभा राहिला. समोर उरली एकटी आत्या.

"सगळे दिसताय," ती म्हणाली. "हसा."

सगळे हसले. ते हसू पुढे कुणाच्याच दृष्टीस पडलं नाही. फोटोत माणसं वीसेक होती आणि डोकी दोन, तीही खाली मांडी घालून बसलेल्या पोरांची. बाकीची मंडळी गळ्यापर्यंतच आली होती. कडेचा चपलांचा स्टँड मात्र अगदी ठळक उमटला होता. तिने घाईने काढलेल्या दुसऱ्या फोटोत डोकी होती, पण हात हलल्यामुळे प्रत्येकाला दोन दोन.

भावजय स्वभावाने गोड. ती म्हणाली, "वन्सं, पुढच्या वेळी तुम्ही फोटोत या बाई. काढायला आपण कुणाला तरी बोलावू."

आत्या हसली. दुसरं काय करणार? खाली रस्त्याला लागून तिचं पडद्यांचं दुकान होतं. गल्लीतल्या निम्म्या खिडक्यांना तिने पडदे शिवून दिले होते. कात्री हातात आली की दहा-दहा हात कापड ती डोळे मिटून सरळ कापायची. आणि तोच हात फोनवर गेला की थरथरायला लागायचा. याला काय म्हणावं, हे तिचं तिलाच कळत नव्हतं. पाहुणे निघायला लागले तशी ती, "जरा वारा खाऊन येते," म्हणत गच्चीवर गेली.

थोड्या वेळाने भाची वर आली. ही भावाची मुलगी दुसऱ्या गावी नोकरीला होती आणि आईवडिलांसाठी दोन दिवसांची सुट्टी काढून आली होती. तिच्या हातात एक काळी पिशवी होती.

"आत्या, हा माझा जुना कॅमेरा. कॉलेजात असताना घेतलेला. आता नुसता पडून असतो. तू ठेव."

"जखमेवर मीठ चोळायला आलीस का ग?"

"तसं नाही. फोनवर नीट पकड येत नाही, याच्यावर येते."

"पकड येऊन काय करू? माणसं एका जागी थांबत नाहीत. आणि नंतर तोंडं वाकडी करतात."

भाचीने वर बोट दाखवलं. पाण्याच्या टाकीच्या वर अर्धा चंद्र लोंबकळत होता. "मग याचा काढ. हा थांबतो. आणि याला मानच नाही, तू कापणार काय?"

आत्याला राग यायला हवा होता, पण हसू आलं. चंद्राचा फोटो तिने तिथल्या तिथे काढला. आला तो पांढरा फटक गोळा, त्याला एका बाजूने शेपूट. दुधात भिजलेलं बिस्किट ताटलीत विरघळावं तसा.

भाचीने सांगितलं ते असं. कॅमेरा आपल्या मनाने चालवला की त्याला भोवतीचा अंधार दिसतो, मग तो घाबरून जास्तीत जास्त उजेड आत घेतो आणि बिचारा चंद्र त्यात वाहून जातो. तेव्हा वरची चकती फिरवून एम या अक्षरावर आणायची आणि लगाम आपल्या हाती घ्यायचा. चंद्रावर तर ऊनच पडलेलं असतं. म्हणून भर दुपारी अंगणाचा फोटो काढताना ठेवावा तेवढाच उजेड ठेवायचा, जास्त नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बटण दाबून कॅमेऱ्यापासून हात काढून घ्यायचा. दोन सेकंदांनी तो आपला आपण फोटो काढतो.

"म्हणजे फोटो काढताना मी हातच लावायचा नाही?"

"तुझ्या बाबतीत तर तेच उत्तम," भाची म्हणाली.

ती सकाळी परत गेली. आत्याने पुढचे काही दिवस दुकान बंद झाल्यावर जेवणाआधीचा वेळ गच्चीवर घालवला. तिपाई नव्हती. मग तिने पडद्यांच्या उरलेल्या चिंध्या ठासून भरलेली एक जाड पिशवी शिवली आणि कठड्यावर ठेवली. बाळाला उशीत टेकवावं तसा कॅमेरा त्या पिशवीत बसायचा, हवा तसा वर करता यायचा. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला चंद्र मिळाला. शर्टाच्या बटणाएवढा, पण कडा रेखीव, आणि त्यावर करडे डाग.

सकाळी चहाच्या वेळी तिने कॅमेरा भावासमोर धरला.

"ही कसली गोळी?" भावाने विचारलं. "ॲसिडिटीची का?"

भावजयीने चष्मा लावून पाहिलं. "छान आलाय की वन्सं. फक्त डाग पडलेत जरा."

"ते त्याचेच आहेत," आत्या म्हणाली, आणि कपबशी उचलून ताठ मानेने खाली दुकानात गेली.

चंद्र जमला म्हटल्यावर तिला ताऱ्यांचे डोहाळे लागले. भाचीने फोनवर समजावलं, की ताऱ्यांचं उलटं असतं. तिथे उजेड थेंब थेंब येतो, म्हणून कॅमेऱ्याचा डोळा पंधरा सेकंद उघडा ठेवायचा. दूरवरचा एखादा दिवा पाहून लेन्सचं कडं नेमकं जुळवायचं आणि ते सरकू नये म्हणून वर चिकटपट्टी लावायची. आत्याने सगळं तसंच्या तसं केलं. फोटो आला तो पांढुरका, पाणी घातलेल्या ताकासारखा. आणि खालच्या कोपऱ्यात, उगवत्या सूर्याच्या थाटात, एक दात.

तो दात म्हणजे समोरच्या दातांच्या दवाखान्याची पाटी. माणसापेक्षा उंच, दोन मुळं असलेली दाढ, आत पांढराशुभ्र दिवा, आणि दाढेलाच काढलेलं हसरं तोंड. दाढेला दात दाखवून हसताना पाहून आत्याला पहिल्या दिवसापासून कसंनुसं होत असे. दवाखाना रात्री आठला बंद व्हायचा, पण दात उजाडेपर्यंत जळायचा. गल्लीतले लोक पत्ता सांगताना 'दातापासून डावीकडे' असंच सांगायचे. तो नेमका पूर्वेला होता, आणि आत्याला हवं असलेलं मृग नक्षत्र त्या दिवसांत जेवणवेळेला बरोबर त्याच्याच डोक्यावर यायचं.

"हा कुठला ग्रह?" फोटो पाहून भावाने विचारलं.

"वक्री आहे एवढं खरं," आत्या म्हणाली.

दिवा झाकता येत नाही तर आपण झाकून घ्यावं, असा तिने विचार केला. पडदे तर तिच्या घरचेच. तिने दुकानातला दुहेरी अस्तराचा, भर दुपारी खोलीत रात्र करणारा जाडजूड पडदा वर नेला आणि कठड्याच्या बाजूने कपडे वाळवायच्या दोरीवर टाकला. खरोखरच अंधार झाला. ती पिशवीवर कॅमेरा बसवत असताना वाऱ्याची एक झुळूक आली. पडद्याचं शीड झालं, दोरीने कुरकुर केली, आणि तो अख्खा पडदा कठड्यावरून खाली रस्त्यावर गेला.

खालून बाईचा दबका आवाज आला. आत्याने वाकून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध पडदा उभा होता आणि चालत होता.

त्यातून यथावकाश बाहेर आल्या त्या समोरच्या डॉक्टरीणबाई. दवाखान्याला कुलूप लावून, दूध आणायला म्हणून रस्ता ओलांडत होत्या. वयाने पंचेचाळिशीच्या, अंगाने काटक, आणि बोलायला अशा की रुग्णाने आपण होऊन तोंड उघडावं. त्यांनी वर पाहिलं.

"पडदेबाई, हे तुमचंच का?"

"माझंच," आत्या वरून म्हणाली. "लागलं का हो?"

"नाही. पण अचानक रात्र झाली." त्यांनी पडद्याची घडी घातली आणि काखेत मारली. "उद्या दवाखान्यात येऊन घेऊन जा."

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. आत्या त्या दवाखान्याच्या समोर राहत होती, पण त्याची पायरी तिने कधी चढली नव्हती. तिची उजवीकडची खालची दाढ दोन वर्षं कुरकुरत होती. ती डावीकडून चावायची, गार पाणी डावीकडून प्यायची, आणि डॉक्टरीणबाई दारात दिसल्या की हटकून मान दुसरीकडे वळवायची. दातांच्या खुर्चीत बसण्यापेक्षा उभा जन्म मऊ भात खाल्लेला बरा, असं तिचं साधं मत होतं.

दुसऱ्या दिवशी ती गेली ती तोंड घट्ट मिटून. डॉक्टरीणबाईंनी पडदा टेबलावर ठेवला, पण त्यावरचा हात काढला नाही.

"हे काय चाललं होतं ते तरी सांगा."

आत्याने सांगितलं. चंद्र, पिशवी, मृग, पंधरा सेकंद, सगळं. सांगता सांगता तिचं भान सुटलं आणि ती म्हणून गेली, "तुमचा तो दात थोडा वेळ बंद करता आला तर बघा. रोज नको. एखाद्या संध्याकाळी."

"तो माझा बोर्ड आहे, पडदेबाई. तो बंद म्हणजे मी बंद, असं लोक समजतात."

"आठनंतर तुम्ही बंदच असता की. मग दाखवायचे दात कशाला?"

डॉक्टरीणबाईंच्या ओठाचा कोपरा जरासा हलला. त्या पुढे झुकल्या. "तुम्ही मघापासून एकाच बाजूने बोलताय. उजवी दाढ का?"

"मी पडदा न्यायला आलेय."

"पडदा मिळेल. तोंड उघडा."

आत्याला दातखीळ बसली. पण डॉक्टरीणबाई नुसत्या बघत राहिल्या, आणि अशा नजरेपुढे किती वेळ टिकाव धरणार? तिने इंचभर उघडलं. मग दोन इंच. बाईंनी बॅटरीने आत पाहिलं आणि सुस्कारा टाकला.

"तीनदा यावं लागेल. मूळ साफ करून वर टोपी बसवायची. काढायची वेळ आलेली नाही अजून, पण येईल."

"विचार करते."

"विचार करायला तुम्ही दोन वर्षं घेतली असतील. त्यापेक्षा व्यवहार करू." बाईंनी पडदा तिच्याकडे सरकवला. "तुम्ही ज्या दिवशी खुर्चीत बसाल, त्या संध्याकाळी माझा दात बंद. तीन वेळा बसाल, तीन संध्याकाळी मिळतील. तुमचा दात मी बघते, माझा दात तुम्ही बघा."

घरी हे ऐकून भाऊ खुर्चीतच आडवा झाला. भावजय म्हणाली, "वन्सं, आम्ही तुम्हाला सांगून सांगून दाताच्या कण्या केल्या, तेव्हा गेला नाहीत. आणि आता चांदण्यांसाठी?"

"चांदण्यांसाठीच," आत्या म्हणाली. "दाढेसाठी कोण जातंय?"

पहिल्या बैठकीला तिने खुर्चीचे हात असे धरले की मदतनीस बाई येऊन, "ते निघतात हं," असं सांगून गेली. दिवा तोंडावर आला, सुई टोचली, जबडा परका झाला. "हलू नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आत्या हलली नाही. मशीन घुर्र करायला लागलं तशी तिने मनात मोजायला सुरुवात केली. एक पासून पंधरा. मग पुन्हा एक. कॅमेऱ्याला जर एवढं जमतं, तर आपल्याला का नाही?

त्या संध्याकाळी आठ वाजता दात विझला. वचन म्हणजे वचन. गल्ली एकदम काळोखी झाली, दोन माणसं डावीकडे वळायची ती उजवीकडे गेली. आत्या अर्धं तोंड बधिर अशी, मफलर गुंडाळून, गच्चीवर धावली. आभाळ ढगांनी इकडून तिकडे गच्च भरलेलं. एक तारा नाही. तिने वर पाहून काहीतरी म्हटलं, पण जबडा बधिर असल्यामुळे ते काय होतं हे कुणाला कळलं नाही, हे एक बरंच झालं.

दुसरी बैठक आठवड्याने झाली. या वेळी तिने आधी आभाळ पाहिलं आणि मग वेळ घेतली. हवा कोरडी होती, चंद्र पहाटे उगवणार होता. दात विझला आणि दवाखान्याच्या छपरावर मृग अवतरला. चार कोपऱ्यांचे चार तारे, मधे ओळीत तीन, खाली लखलखता व्याध. इतकी वर्षं त्या दिव्यामागे हे सगळं बसलेलं होतं, आणि कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

एवढं काय आहे ते बघू तरी, म्हणून भाऊ आणि भावजय शाली पांघरून वर आले. पाठोपाठ डॉक्टरीणबाईही जिना चढून आल्या, हातात फोनची बॅटरी पेटवून, आणि आत्याचा पहिला फोटो त्या उजेडात वाहून गेला.

"विझवा," आत्या म्हणाली.

"मला दिसत नाही."

"त्याचसाठी तर वर आलोय आपण. विझवा."

दवाखान्यात कुणी त्यांच्याशी असं बोललं नसतं. बाईंनी बॅटरी विझवली आणि टाकीच्या कठड्यावर निमूट बसल्या. आत्याने बटण दाबलं, हात मागे घेतला. चौघांनी श्वास धरला. का धरला कोण जाणे, तिथे कुणी पिशवीला हातही लावला नव्हता. कॅमेऱ्याने खट्ट केलं, आणि त्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर मृग आला. काळं आभाळ, आणि टाचणीच्या टोकाने टोचावेत तसे तारे, डोळ्यांना दिसत होते त्याहून किती तरी जास्त.

भावजय हळूच म्हणाली, "बाई ग."

आत्याने चित्र मोठं करून पाहिलं, जसं ती शिवून झालेल्या पडद्याची कड पाहायची. तीन ताऱ्यांच्या ओळीखाली तिची नजर अडली. तिथे एक गुलाबीसर, धुरकट ठिपका होता. फराटा म्हणावा असा. तिचा चेहरा उतरला.

"हललाय," ती म्हणाली. "इथे बघा. हललाच शेवटी."

"एवढं चालतं ग ताई," भाऊ म्हणाला.

"नाही चालत."

डॉक्टरीणबाईंनी वाकून पाहिलं. "भिंगावर काहीतरी असेल. पुसा."

भावजयीने शालीच्या टोकाने लेन्स पुसली. पुन्हा फोटो. डाग तिथेच. डॉक्टरीणबाईंनी स्वतःच्या चष्म्याचं फडकं काढून, दाढ साफ करावी तशी लेन्स साफ केली. पुन्हा फोटो. डाग होताच.

भाऊ या सगळ्यात मघापासून रिकामा होता. तो म्हणाला, "कॅमेरा जरा बाजूला वळवून बघ. डाग भिंगावर असेल तर त्याच कोपऱ्यात राहील."

आत्याने पिशवी दाबून कॅमेरा वळवला. मृग चित्राच्या डावीकडे गेला, आणि डागही त्याच्याबरोबर डावीकडे गेला. चौघं एकमेकांकडे बघायला लागली.

"म्हणजे हा वरचाच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

भाचीला स्पीकरवर फोन लावला. तिने फोटो मागवून घेतला, पाहिला, आणि पलीकडून काही क्षण नुसता तिच्या हसण्याचा आवाज येत राहिला. मग तिने सांगितलं. तो तारा नव्हता, तेजोमेघ होता. धुळीचा आणि वायूचा प्रचंड मोठा ढग, ज्यात नवे तारे जन्माला येतात. साध्या कॅमेऱ्यात तो येतो, हे खरं आहे, पण पहिल्याच खेपेला एवढा चांगला सगळ्यांना मिळत नाही.

"पण तो पुसट का आलाय?" आत्याने विचारलं.

"तो आहेच पुसट, आत्या. धूर स्पष्ट कसा येईल?"

"म्हणजे मी हलवला नाही?"

"नाही. बाकीचे तारे बघ की. ठिपक्यांसारखे आलेत. तू काही हलवलं नाहीस."

आत्याने फोन भावाच्या हातात दिला आणि खाली फरशीवरच बसली. आयुष्यात इतके फोटो तिने बिघडवले होते, की एखादी गोष्ट मुळातच धूसर असेल आणि त्यात आपला हात नसेल, हे तिच्या मनाला शिवलंही नव्हतं. तिला रडू येईल असं वाटलं, पण जबड्याची बधिरता नुकतीच उतरत होती आणि ठणका सुरू झाला होता, तेव्हा आलेलं पाणी नेमकं कशाचं हे सांगणं कठीण होतं. डॉक्टरीणबाईंनी खिशातून गोळी काढून दिली. भावजय पाणी आणायला खाली गेली, आणि जिन्यात तिचं बोलणं ऐकू आलं, "तारे जन्मतात म्हणे तिथे, आणि आम्ही शालीने पुसत होतो."

फोटो मोठा करून छापून घेतला तो भावाने. एक प्रत दिवाणखान्यात लागली. दुसरी डॉक्टरीणबाईंनी मागून घेतली. ती त्यांनी भिंतीवर न लावता छताला लावली, खुर्चीच्या बरोबर वर, म्हणजे तोंड उघडून पडलेल्या माणसाला बघायला काहीतरी असावं. दात आता अमावास्येच्या आसपास आठला विझतो. त्याची दाढेशी सांगड उरलेली नाही. बाई म्हणतात की विजेची बचत होते. गच्चीवर त्याही असतात, ते मात्र सांगत नाहीत.

राहिली आत्याची तिसरी बैठक. टोपी बसवायच्या दिवशी ती खुर्चीत आडवी झाली आणि वर पाहते तर तिचाच मृग. तोंडात कापूस, नळी आणि डॉक्टरीणबाईंची दोन बोटं होती. मदतनीस बाईने छताकडे पाहून विचारलं, "मॅडम, तो खालचा सगळ्यात मोठा तारा कुठला?"

"तो ध्रुव," डॉक्टरीणबाई ठामपणे म्हणाल्या. "आणि तो गुलाबी आहे ना, तो मंगळ."

आत्याचे डोळे विस्फारले. तो व्याध होता, आणि तो गुलाबी कोण होता हे तर या बाईंना स्वतःच्या कानांनी ऐकून महिना झाला नव्हता. तिने मान हलवायचा प्रयत्न केला. "आँ," ती म्हणाली. "आँ आँ."

"दुखतंय का?" डॉक्टरीणबाईंनी काळजीने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता मदतनीस बाईला सांगितलं, "अजून एक इंजेक्शन भरा यांना."